सहावी जागा

३ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हातात कायम कुणाचं तरी पोर होतं. आता एक हात रिकामा झालाय, आणि तेच रडगाणं गायला बसलेय.

पोस्टात काम करणाऱ्या त्या जोडप्याबद्दल मी लिहिलं होतं ना? तिला पाचवा महिना असताना दोघं येऊन म्हणाली होती, "मावशी, आमच्या बाळाची जागा तेवढी धरून ठेवा हं." मी धरली. माझ्या पाळणाघराच्या परवान्यात सहा मुलं म्हणजे सहाच. सातवं शेजारणीचं जरी खेळायला आलं तरी मी त्याला दारातूनच खाऊ देऊन परत पाठवते. त्या सहाव्या जागेपायी किती जणांना नाही म्हटलं! एक आई तर जिन्यात रडत उतरली.

काल ते जोडपं आलं. तिची आई कायमची राहायला येतेय, त्यामुळे आता गरज नाही. वर मला विचारतात, "तुमची काही गैरसोय नाही ना झाली?" आणि मी शहाणी म्हणते, "छे छे, अजिबात नाही!" एवढ्यावर थांबले नाही. बाळासाठी विणलेली टोपीही देऊन टाकली.

हे छापखान्यातून रात्रपाळी करून सकाळी येतात, त्यामुळे दुपारी पोरं आणि हे एकदमच झोपतात. कालपासून ह्यांनी त्या सहाव्या गादीवर पाय पसरायला सुरुवात केलीय. म्हणाले, "जागा वाया जायला नको." मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

तुमची भावजय

१२ फेब्रुवारी

भावजयबाई,

फोन न करता पत्र लिहिलंस हे बरं केलंस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते पटत नाही.

तू पाळणाघर चालवतेस की धर्मशाळा? नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत जन्म गेला माझा. एक गोष्ट सांगते, ती उशीखाली घेऊन झोप. 'जागा धरून ठेवा' म्हणणारा माणूस आणि प्रत्यक्ष येणारा माणूस हे दोन वेगवेगळे प्राणी असतात. पैसे मोजले की मगच त्यांचा एक प्राणी होतो.

तेव्हा आजपासून नियम कर. पुढची जागा हवी असेल तर मूल येईपर्यंत दर महिन्याला अर्धे पैसे द्यायचे. आलं नाही तर परत मिळणार नाहीत. महिना चुकला की जागा दुसऱ्याला. हे बोलताना हसायचं नाही. तू हसलीस की लोकांना वाटतं, ही ऐकेल.

आणि ओळखपाळख आड येऊ द्यायची नाही. आमचा बंधू, म्हणजे तुझा नवरा, एकदा खिडकीशी येऊन म्हणाला होता, "ताई, दोन खुर्च्या बाजूला काढ ना." मी म्हटलं, "रांग तिकडून सुरू होते." विचार त्याला.

तुझी नणंद

३० मार्च

वन्सं,

विचारलं ह्यांना. म्हणाले, "आणि नाटकही बघायला मिळालं नाही." अजून राग आहे.

नियम केला. पुरता असा पहिल्यांदा एका जोडप्याला ऐकवला. समोरचा बाप दाढी खाजवत ऐकत होता. मला वाटलं, आता उठून जाईल. तर तो बायकोला हळूच म्हणतो, "चांगलं दिसतंय गं हे, पैसे मागतायत." फुकट धरत होते तोवर मला मावशी म्हणायचे, आता मॅडम म्हणतात. त्याच त्या गाद्या, तीच मी!

त्या दाढीवाल्यांना लगेच जागा हवी होती, ती माझ्याकडे नाही. कारण सहावी जागा आदल्याच दिवशी गेली. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात एक बाई आहे, पस्तिशीची, शांत. तिनं मी नियम पुरता सांगायच्या आतच पैसे काढून ठेवले. मी विचारलं, "बाळ केव्हा येणार?" म्हणाली, "नक्की नाही सांगता येत. पण जागा असलेली बरी." पोट तर काही दिसत नाही. असेल सुरुवात, म्हणून मी पुढे छेडलं नाही.

शनिवारी दुकान लवकर बंद झालं की ती येऊन कोपऱ्यात बसते. काहीबाही विचारते. मूल नवीन असलं की रडतं का? किती दिवस? आईनं लपून निघून जावं की सांगून जावं? मी म्हटलं, सांगून. तिनं मान हलवली, जणू परीक्षेला हेच येणार आहे.

तुमची भावजय

८ एप्रिल

भावजयबाई,

जागी हो.

पोट नाही, तारीख नाही, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि पैसे मागायच्या आत देते? असं गिऱ्हाईक देवानं अजून घडवलेलं नाही. दोनच शक्यता आहेत. एक तर ती सरकारी तपासणीची बाई आहे, म्हणून शनिवारी बसून डोळे फिरवते. नाहीतर तिला स्वतःचं पाळणाघर काढायचंय आणि तुझी जागा अडवून तुझा धंदा शिकतेय. आमच्याकडे एका नाटक कंपनीनं दुसऱ्या कंपनीच्या पहिल्या प्रयोगाची पुढची रांग विकत घेऊन रिकामी ठेवली होती. नटांचं अवसानच गळालं.

तिला घरात बसू देऊ नकोस. पैसे मात्र घे. ती देतेय तोवर घ्यायला हरकत नाही.

तुझी नणंद

२ मे

वन्सं,

तुमचं पत्र आलं आणि माझी झोप गेली. औषधांची पेटी वरच्या फळीवर टाकली, खिडक्यांच्या कड्या बदलल्या, ह्यांना शनिवारी आतल्या खोलीत पलंगाच्या पलीकडे झोपायला लावलं. पाळणाघरात घोरणारा पुरुष कुठल्या नियमात बसतो कोण जाणे.

सरळ विचारायचं धाडस होईना. म्हणून आडून विचारलं, "कितवा चालू आहे?" ती हसली. म्हणाली, "मावशी, मोजणं मी सोडून दिलंय." आता हे काय उत्तर झालं? तुमचंच खरं असणार. मी तिला सांगितलं की हल्ली शनिवारी मला बरं नसतं. ती म्हणाली, "काळजी घ्या," आणि दुसऱ्या दिवशी दाराशी फळं ठेवून गेली. मी धुऊन, पुसून, वास घेऊन पोरांना दिली.

पैसे पहिल्या तारखेला दाराच्या फटीतून आत येतात. ते घेताना मला लाज वाटत नाही, याची थोडी लाज वाटते.

तुमची भावजय

१९ मे

प्रिय वहिनीसाहेब,

घाबरू नकोस, मायन्यात लोणी लावलंय म्हणजे काम आहे.

तुझ्याच गावात दिलेल्या माझ्या लेकीची सासू जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलंय, बरेच महिने पलंगावर. माझ्या नातीला, छकुलीला, तीच सांभाळणार होती. लेक प्रयोगशाळेत परवा कामावर रुजू होणार होती, ती आता छकुलीला कडेवर घेऊन रडत बसलीय. फोन केला होता तिनं. मला निम्मं ऐकू आलं नाही, पण रडणं कळलं.

तेव्हा ती सहावी जागा छकुलीला दे. नियम माझाच आहे, मला ठाऊक आहे. पण नियमात एक बारीक गोष्ट असते, ती तुला सांगायची राहिली. तिसरी घंटा झाली आणि विकलेल्या खुर्चीवर माणूस आलंच नाही, तर ती आम्ही दारातल्या माणसाला द्यायचो. तुझ्या त्या बाईचं मूल कुठे आलंय? येईल तेव्हा बघू.

घरच्या मुलीकडून तू आगाऊ वगैरे काही घेणार नाहीस, हे मी गृहीत धरते.

तुझीच नणंद

११ जून

वन्सं,

छकुली आली. सकाळी अर्धा तास घर डोक्यावर घेते, मग ह्यांच्या पोटावर झोपून जाते. ह्यांनी सहाव्या गादीवरून पाय काढले, आता तीच ह्यांच्यावर असते.

पण खरी बातमी पुढेच आहे. तुमच्या डोळ्यांना मानलं! मंगळवारी चष्मेवाली आली, आणि सोबत काखेत फायलींची पिशवी अडकवलेल्या एक पोक्त बाई. चष्मेवाली म्हणाली, "मावशी, या तुमच्याकडची व्यवस्था बघायला आल्यात." मी मनात म्हटलं, आल्या! पोक्त बाईंनी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, मुलं मोजली. मोजून झाल्यावर विचारलं, "यांच्या मुलाची जागा कुठली?"

मी काय लेचीपेची आहे? सापळा ओळखला. म्हटलं, "कसली जागा? सहाची परवानगी, सहा मुलं समोर आहेत. सातवं मी ठेवत नाही. हवं तर पुन्हा मोजा." चष्मेवाली म्हणाली, "पण मावशी, आपलं ठरलं होतं..." मी म्हटलं, "माझ्या काही लक्षात नाही बाई."

दोघी निघून गेल्या. पोक्त बाईंनी दारात काहीतरी लिहून घेतलं. परवाना वाचला, वन्सं! संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, तर हे नुसते "बघ बाई" म्हणाले.

तुमची भावजय

१८ जून

शाब्बास!

खिडकीत बसवलं असतं तर तू माझ्या वरताण निघाली असतीस. बंधूचं मनावर घेऊ नकोस, तो लहानपणापासून 'बघ बाई'च म्हणतो. छकुली जेवते का नीट? तिला मऊ भात दे, आणि लेकीला सांग की आजीनं युक्ती काढली म्हणून जमलं.

नणंद

५ जुलै

वन्सं,

हे पत्र दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितेय.

छकुली ह्यांच्या चष्म्यावर बसली आणि काडी निखळली. हे चौकातल्या दुकानात गेले. तिनं काडी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. हे सहज म्हणाले, "हल्ली येत नाही आमच्याकडे?" तेव्हा तिनं सांगितलं. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणाले, "तू चुकलीस."

ती मूल दत्तक घेतेय, वन्सं. एकटीच आहे. किती वर्षं वाट बघतेय. त्या पोक्त बाई दत्तक देणाऱ्या संस्थेच्या. आई दुकानात असताना मूल कुठे राहणार, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'सोय नाही.' माझ्या दारात उभं राहून लिहिलं.

मी दुकानात गेले. ती कुणाचे तरी डोळे तपासत होती. मी थांबले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस गं?" ती म्हणाली, "सांगितलं की लोक रोज विचारतात, आलं का, आलं का. तुम्ही एकट्याच होतात, ज्यांनी पैसे मागितले आणि जागा आहे म्हणालात. मला बरं वाटलं होतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. पोक्त बाईंना म्हटलं, "मी खोटं बोलले, जागा हिचीच आहे." त्या म्हणाल्या, "तेव्हा नव्हती, आज आहे. उद्या काय असेल?" मी समोरून उठलेच नाही. शेवटी म्हणाल्या, या महिन्यात केव्हाही न सांगता येईन, जागा रिकामी दिसली तर कागद बदलीन.

म्हणून सोमवारपासून छकुलीला नाही ठेवता येणार. भाचीला मीच सांगितलं. ती "मामी, तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. बाकी पोरांच्या आईबापांनी पैसे भरलेले आहेत. ही एकच जागा अशी होती, जी मी एकीकडून पैसे घेऊन दुसरीला दिली. तुम्ही सुचवलंत हे खरं, पण दार माझं होतं.

तुम्हाला राग येणार, तो येऊ द्या.

तुमची भावजय

९ जुलै

सख्ख्या भाचीच्या लेकीला दाराबाहेर काढलंस, तेही एका चष्मेवालीसाठी.

मी लेकीला सांभाळणारी बाई बघायला सांगितलं. एक मिळाली, ती म्हणते नाव नोंदवायचे आगाऊ पैसे द्या. काय जग आहे!

मला लहान मुलं आवडत नाहीत, हे तुला चांगलं ठाऊक आहे. माझी स्वतःचीसुद्धा मला ती शाळेत जायला लागल्यावर आवडायला लागली. रविवारच्या बसचं तिकीट काढलंय. लेकीकडेच उतरणार आहे. तू भेटायला येऊ नकोस.

नणंद

२ ऑगस्ट

वन्सं,

दोन गल्ल्या सोडून तुम्ही आहात आणि मी पत्र लिहितेय, ते ह्यांच्या खिशातून येतंय. हे म्हणतात, "टपालखात्यानं मला पगार द्यावा." पण तुम्ही येऊ नकोस म्हणालात, आणि समोर आले तर मला बोलणं सुधरणार नाही.

पोक्त बाई आल्या. दुपारी, सगळी झोपलेली असताना. सहाव्या गादीवर नवी चादर अंथरलेली होती आणि हे निमूट फरशीवर झोपले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, आणि कागद बदलला. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले.

काल चष्मेवाली धावत आली. मंजुरी आली! मी तिला मिठीच मारली. मग ती म्हणाली, "मावशी, एक अडचण आहे. दोन आहेत." भाऊ-बहीण. मुलगा चार वर्षांचा, बहीण दोनची. वेगळं करायचं नाही अशी संस्थेची अट आहे, आणि तीच बरोबर आहे. "मी हो म्हणून आले," म्हणाली. "नाही म्हणवेना."

जागा एक, मुलं दोन. इतक्या खस्ता खाऊन रिकामी ठेवलेली गादी, आणि ती निम्मीच पुरतेय! एकाला ठेवून दुसऱ्याला मी कुठे पाठवू? बाकीच्यांपैकी कुणाला काढू? एकदा काढून बघितलंय, पुन्हा नको.

तुम्हाला काही मागत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगायला मला तुम्हीच आहात.

तुमची भावजय

४ ऑगस्ट

भावजयबाई,

मागत नाही म्हणतेस, आणि पोस्टमन दारातून हलत नाही. त्याला जेवायला घातलं.

इथली परिस्थिती ऐक. विहीणबाई पलंगावरून हुकूम सोडतात, छकुली पलंगाखाली जाऊन बसते, आणि मी गुडघ्यावर बसून दोघींची समजूत काढते. छकुलीला दुसरी मुलं हवीत. तुझ्याकडून आल्यापासून ती दाराशी जाऊन कुठल्या तरी पोरांची नावं घेते. मी काय नाचून दाखवू तिला?

तेव्हा असं कर. छकुलीला पुन्हा तुझ्याकडे घे, आणि ती दोघं भाऊ-बहीण माझ्याकडे पाठव. लेकीला विचारलंय, घर तिचं आहे. तिला वाटलं मला ताप आलाय. छकुलीचे पैसे लेक पूर्ण भरेल, पहिल्या तारखेपासून, मी बघते कशी भरत नाही ते. चष्मेवालीकडून तू आजवर जे घेतलंस ते मुकाट्यानं परत कर. तिची जागा तिला मिळालीच नाही.

त्या पोक्त बाई मला बघायला येतीलच. येऊ देत. मी त्यांना स्पष्ट सांगणार आहे की मला मुलं फारशी आवडत नाहीत. निदान खोटं बोलले असं तरी कुणी म्हणायला नको.

आणि तू ये उद्या. पत्रातून भांडून कंटाळा आला.

तुझी नणंद

१४ सप्टेंबर

भावजयबाई,

तू उद्या संध्याकाळी येशीलच, पण तेव्हा इथे सगळ्यांचा गलका असतो आणि मला धड सांगता येत नाही. म्हणून हे बंधूबरोबर पाठवतेय.

आज दोघांचा पहिला दिवस झाला. चष्मेवाली सांगून गेली, लपून नाही. धाकटी रडली, मग विहीणबाईंच्या पलंगावर चढली आणि त्यांच्या काठीशी खेळत बसली. विहीणबाईंनी आज एकही हुकूम सोडला नाही.

थोरला रडला नाही. दारात उभा राहिला. मी म्हटलं, "बाळा, बूट काढ, आत ये." तो मान हलवून नाही म्हणाला. दूध दारातच प्यायला. जेवायला आत आला, ते बूट घालूनच, आणि घास गिळून पुन्हा दारात. दुपारी उंबऱ्यावर भिंतीला टेकून झोपला, बूट पायातच. मी लेस सोडायला हात लावला तर झोपेतच पाय ओढून घेतला. इतक्या ठिकाणांहून उचलून इतक्या ठिकाणी ठेवलेलं पोर ते. आपल्याला पुन्हा निघावं लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी कोण त्याला पटवून देणारी?

संध्याकाळी चष्मेवाली आली तेव्हा तो तिच्याकडे गेला नाही. आधी मागे वळून बहीण येतेय का ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "उद्या?"

मी म्हटलं, "उद्या."

लेक म्हणते, आई, चिखलाचे पाय घरभर उमटलेत, त्याला जरा शिस्त लाव. मी तिला म्हटलं, फरशी मी पुसेन. उद्यापासून मीही घरात चपला घालूनच वावरणार आहे. काढायच्या तेव्हा दोघं मिळून काढू.

तुझी नणंद